एका तोंडाचं कपाट

कपाट आमच्या गावात आलं ते गणपतीच्या मखराबरोबर. आमच्या वाडीतले एक चाकरमानी दर चतुर्थीला मुंबईहून टेम्पो करून येतात. त्या वर्षी टेम्पोत मखराच्या फळ्या, कांदे-बटाट्याची पोती आणि जाजमात गुंडाळलेलं एक धूड होतं. त्यांच्या कंपनीने नवं यंत्र घेतलं होतं, जुनं भंगारात चाललं होतं, ते यांनी साहेबांच्या हातापाया पडून गावच्या संस्थेसाठी मागून आणलं. चौघांनी मिळून ते उतरवलं तेव्हा माझ्या सासूबाई पडवीतून ओरडल्या, "फ्रिज इलो काय गो?"

"नाय, टेप लायब्ररी," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमधला सगळा ह्याच्यात साठवून ठेवूचा."

"मगे सरळ कपाट म्हण."

तेव्हापासून ते कपाट. संस्थेचे अध्यक्षसुद्धा भाषणात कपाटच म्हणतात.

आत दोन्ही बाजूंना कप्पे, कप्प्यांत साबणाच्या मोठ्या वडीएवढ्या टेपा उभ्या, आणि मधून खालीवर फिरणारा एक यांत्रिक हात. हात टेप उचलतो, ड्राइव्हमध्ये घालतो, लिहून झालं की काढून पुन्हा जागेवर ठेवतो. ड्राइव्हला आमच्याकडे सगळे तोंड म्हणतात. कपाटाला दोन तोंडं होती. त्यातलं एक पहिल्याच पावसाळ्यात खाऱ्या हवेने कायमचं मिटलं, आणि राहिलं एकच.

मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन या गावात आले. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, त्यामुळे संस्थेने मला हायस्कूलच्या मागच्या खोलीत बसवलं आणि कपाट माझ्या गळ्यात घातलं. संस्थेची गावात तीन कामं चालतात: हायस्कूल, एक छोटा दवाखाना आणि समुद्राच्या अभ्यासाचं एक केंद्र. तिघांचे कॉम्प्युटर तारेने कपाटाला जोडलेले. कुणाचा कॉम्प्युटर बिघडला, वीज पडून जळला, तरी आतलं सगळं टेपांवर सुखरूप राहावं, एवढंच काम. काम एवढंच, पण सामायिक विहिरीवर जे होतं तेच इथेही. रहाट एक, घागरी तीन, आणि प्रत्येकाला वाटतं आपली आधी भरावी.

हायस्कूलचं मीच बघत असल्यामुळे तिथे भांडायला कुणी नव्हतं. भांडणारे दोघे होते. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई कोल्हापूरकडच्या, अतिशय टापटिपीच्या. सोनोग्राफीची एक प्रतिमा त्यांच्या हातून हरवणार नाही. त्या स्वतःच्या हाताने वेळ लावायच्या, स्वतः तपासायच्या, आणि आपली पाळी चुकली की थेट माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. दुसरे समुद्र-केंद्राचे सर. गावातलं जुनं ख्रिस्ती घर, बहिणी गोव्यात दिलेल्या, स्वतः एकटे. केंद्र म्हणजे सर आणि सर म्हणजे केंद्र. किनाऱ्यापासून आत खडकांची एक रांग आहे, तिथे ते वर्षानुवर्षं पाण्याखाली उतरून त्याच त्या खडकांचे फोटो काढत आले होते. कुठलं पोवळं वाढलं, कुठलं पांढरं पडून मेलं, कुठल्या कपारीत कुठला मासा घर करून राहिला, सगळं फोटोंत. मग त्यांच्या कानांनी दगा दिला आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांचं पाण्याखाली जाणं कायमचं बंद करून टाकलं. त्या दिवशी ते माझ्या खोलीत येऊन नुसते बसले होते. मी चहा दिला, तो त्यांनी गार करून प्यायला.

सरांची एक खोड होती आणि तिने माझं डोकं उठवलं होतं. आपलं लिहून झालं की प्रत्येकाने तोंड रीतसर सोडायचं असतं, म्हणजे कॉम्प्युटरनेच कपाटाला कळवायचं की माझं झालं, आता दुसऱ्याला घेऊ दे. सर ते करायचेच नाहीत. मध्येच कॉम्प्युटर बंद करून बाजारात म्हावरं बघायला निघून जायचे. मग तोंड त्यांच्या नावावर धरलेलं, टेप आत अडकलेली, हात अर्ध्यावर थांबलेला, आणि डॉक्टरीणबाई दारात. मला जाऊन ते हाताने सोडवावं लागायचं. संध्याकाळी सर पिशवीतून दोन बांगडे काढून माझ्या टेबलाशी ठेवायचे आणि म्हणायचे, "सॉरी गो, सोडूक इसारलंय." दर वेळी हेच वाक्य आणि दर वेळी बांगडे. बांगडे ताजे असायचे म्हणून मी बोलणं आवरतं घ्यायची.

खरं तर त्या खोलीवर सगळ्यांचाच जीव होता. टेपांना दमट हवा चालत नाही, म्हणून हवेतलं पाणी शोषणारं एक यंत्र तिथे कायम चालू, आणि छपरावरच्या सोलरची बॅटरी त्यासाठीच. पावसाळ्यात सगळ्या गावात तेवढी एकच खोली कोरडी. सासूबाई कुळथाच्या पिठाचा डबा घेऊन यायच्या, "वायच ठेव गो तुझ्या कपाटाकडे." हे वायच, म्हणजे जरा वेळ, पार दिवाळीपर्यंत लांबायचं. सर कॅमेऱ्याची भिंगं आणून ठेवायचे, त्यांना बुरशी धरते म्हणून. डॉक्टरीणबाई, ज्या एरवी नियमावर बोट ठेवतात, त्यांनी एकदा धुतलेली साडी आणून मागच्या दोरीवर टाकली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी चिडचिड करायची आणि सगळं ठेवून घ्यायची.

आता कपाटाचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टेपा महाग आणि मोजक्या. म्हणून प्रत्येक प्रतीला मुदत दिलेली असते. मुदतीत त्या टेपेला कुणी हात लावायचा नाही. मुदत संपली की ती टेप कोरी धरायची आणि ज्याला लागेल त्याने तिच्यावर लिहायचं. तोवर नवी प्रत झालेली असतेच, त्यामुळे जुनी पुसली गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही. हायस्कूलच्या आणि दवाखान्याच्या प्रतींची आणखी एक जोडप्रत मी खाडीपलीकडे नणंदेच्या घरी ठेवत असे. सरांचे फोटो इतके भाराभर की त्यांची जुनी आणि नवी प्रत धरून झाली की जोडप्रतीला टेपाच उरायच्या नाहीत. त्यांचा समुद्र दोनच ठिकाणी होता: केंद्रातल्या डिस्कांच्या पेटीत आणि कपाटात.

सर निवृत्त व्हायचे त्याच वर्षी आमची गावपळण आली.

आमच्याकडे काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल होतो, दिवस ठरतो, आणि ढोल वाजला की अख्खा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पिंजऱ्यातला पोपट, सगळी. देवळात जाणारे, चर्चमध्ये जाणारे, मशिदीत जाणारे, सगळे. तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवाच्या हवाली. आत कुणी पाऊल टाकायचं नाही, चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. बाहेर झापांच्या झोपड्या घालून राहायचं, भजनं म्हणायची, फुगड्या घालायच्या, आणि चौथ्या दिवशी कौल घेऊन परतायचं. माझी ती पहिलीच गावपळण होती.

गावाच्या मानकऱ्यांत माझे चुलत सासरे मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते आदल्या दिवशी घरोघर फिरून बजावत होते. माझ्या खोलीत आले आणि कपाटाकडे काठी दाखवून म्हणाले, "ह्या बंद कर."

"काका, बंद केलंय तर आत दमट हवा शिरतली आणि टेपांका बुरशी येतली."

त्यांनी विचार केला. "फ्रिज चालू रव्हता तसा रव्हांदे. पण दिवो दिसता नये."

मी दिव्यांवर काळं फडकं टाकलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारून ठेवलं होतं, की तीन दिवस तोंड मोकळंच असणार, तर दवाखान्याचा जुना साठा एकदाचा कपाटात घालून टाकू का. मी हो म्हटलं. निघायच्या दिवशी सकाळी सगळ्यांना बजावलं, की आज दुपारनंतर कुणीही कपाटाला हात लावायचा नाही, आणि घरी धावले. सासूबाईंना, दोन शेळ्यांना आणि कोंबड्यांच्या खुराड्याला होडीपर्यंत न्यायचं होतं.

आम्ही खाडीपलीकडे तोंडवलीच्या बाजूला सुरूच्या बनात उतरणार होतो. होडी सुटायच्या बेतात होती, ढोल वाजून गेला होता, आणि सर धापा टाकत आले. हातात डिस्कांची पेटी.

"सर, ह्या कित्याक?"

"काका सांगतत ना, चलता-बोलता सगळा भायर काढा," ते म्हणाले. "माझी पेटी दिवसभर घरघरता. ती जिवंत नाय तर काय? एकटी कशी सोडू?" शिवाय निवृत्तीच्या दिवशी हायस्कूलच्या भिंतीवर सगळ्या गावाला फोटो दाखवायचे होते, ते त्यांना तिथे बसून निवडायचे होते. कुणी पोपट घेतला होता, कुणी मांजर. मीही हसून जागा करून दिली. सर पेटी मांडीवर घेऊन नव्या नवरीसारखे अंग चोरून बसले.

पलीकडचा काठ आला. सर उठून उभे राहिले, आणि सासूबाईंच्या थोरल्या शेळीला तेव्हाच काठावरचं गवत दिसलं. तिने अशी उडी मारली, की होडी एका अंगाला कलली, सर खाली बसले आणि पेटी खाडीत गेली. गुडघाभरच पाणी होतं. पण खारं.

चौघांनी पेटी काढली. तिच्या फटींतून पाण्याबरोबर वाळू गळत होती. सासूबाई शेळीला पोटाशी धरून म्हणत होत्या, "मुका जनावर ता, तेका काय कळता?" मी पेटी पुसायला फडकं शोधू लागले. सरच हसले. "कित्याक घाबरतस? कपाटात आसा मा सगळा. तूच सांगतस, म्हणानच तर कपाट." खरंच होतं. मीही हसले, आणि रात्री आम्ही सगळ्यांनी त्यावरून शेळीची यथेच्छ चेष्टा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपडीसमोर नारळ खोवत बसले होते. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या. दवाखान्याचा तंबू लागला होता, रोगी कुणी नव्हता, त्या खुशीत होत्या.

"आज दुपारी माझा जुना साठा कपाटात जायला लागेल," त्या म्हणाल्या. "कालच सुरू करणार होते, पण कोऱ्या टेपा पुरेशा नव्हत्या. आज बऱ्याच टेपा मोकळ्या होतायत असं कपाटच दाखवत होतं, म्हणून आज दुपारची वेळ लावून ठेवली."

"कुठल्या टेपा मोकळ्या होतायत?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. इतक्या टेपा एकदम एकाच माणसाच्या असू शकतात. सरांच्या पूर्ण प्रतीची मुदत आज संपत होती. एरवी त्याच्या आत नवी प्रत झाली असती. पण नवी प्रत जिच्यावरून काढायची ती पेटी समोर सुरूच्या बुंध्याला टेकून वाळत पडली होती. दुपारी तो हात सरांच्या टेपा एकेक करून उचलणार आणि त्यांच्यावर दवाखान्याचा साठा लिहिणार. माझ्या हातातली नारळाची वाटी वाळूत पडली.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं मोकळ्या म्हणजे मोकळ्या," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. एरवी माझ्या फोनवरून कपाट थांबवता येतं. पण गावातला इंटरनेटचा डबा ग्रामपंचायतीत, आणि तिथला मेन स्विच काकांनी स्वतःच्या हाताने पाडला होता. कपाट मात्र सोलरवर चालूच, आणि दवाखान्याचा कॉम्प्युटरही.

मी तशीच काकांकडे गेले. ते झाडाखाली बसून सुपारी कातरत होते.

"काका, माका गावात जावक होया. कपाट बंद करून लगेच येतंय."

अडकित्ता थांबला. "कित्याक?"

मी सांगितलं. त्यांनी नेमकं भलतंच धरलं. "म्हणजे ता कपाट हलता?"

"कपाट नाय, आतलो हात हलता."

"कोणाचो हात?"

"यंत्राचो. आपणच टेप काढता, आपणच तोंडात घालता."

"आणि ह्या माका आता सांगतस? मी फ्रिज समाजलंय!" काका उठून उभेच राहिले. "गावात चिटपाखरू रव्हता नये म्हणान आमी म्हातारे-कोतारे हंय सुरूखाली येवन पडलो, आणि थंय एक हात फिरता?"

एरवी मी हसून लोळले असते. त्या वेळी रडकुंडीला आले होते. बाकीचे मानकरी जमले, डॉक्टरीणबाई आल्या, हळूहळू सगळी वस्तीच गोळा झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी काही या गावची नाही. मी जाऊन येते, मला कसला नियम?"

"इतकी वर्सां गावचा मीठ खाल्लंस," काका म्हणाले, "आता खंयची भायरची?" बाईंना ते बोलणं लागलं की आवडलं, मला कळलं नाही. त्या पुन्हा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मानकऱ्यांनी आपसांत बोलून मार्ग काढला. वेशीवर नारळ ठेवून, देवाला सांगून एका माणसाला आत जाऊन येता येईल. पण मग गावपळण मोडली, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. म्हणजे सगळ्या गावाला आजपासून आणखी तीन दिवस बाहेर.

सगळे मनात हिशेब करू लागले. भात कापून खळ्यावर पडलेलं होतं. गुरांची वैरण बेताची आणलेली. एक पोर अंगावर पिणारी, एक सून दिवस भरलेली. आणि मग माझ्या सासूबाई, ज्यांनी कालपासून शेळीविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नव्हता, त्या पुढे आल्या. "रव्हाया. तीन दिवसांनी कोण मरणत नाय. सरांचा जन्माचा काम आसा ता."

"रव्हाया," मागून कुणीतरी म्हणालं. मग दिवस भरलेली सून म्हणाली, की डॉक्टरीण हंयच आसत, माका कसली भीती? एकेक करत सगळेच म्हणायला लागले. मी त्या माणसांकडे बघत राहिले. यातल्या कितीतरी जणांशी माझं वर्षभर पटत नाही, पाण्यावरून, रस्त्यावरून, बकऱ्यांवरून. मला त्या क्षणी सगळ्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"तुझा काम, तू सांग," काका सरांना म्हणाले.

सर पेटीशी उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघितलंच नाही. "नको," ते म्हणाले.

"सर!" मी ओरडले.

"नको गो. माझे आजे-पणजे ह्या गावाबरोबर भायर इले, गावाबरोबर आत गेले. कोणी केदवा मोडूक नाय. मी चार फोटोंसाठी मोडू? तिका बाळंतपणाक हंय वाळयेत ठेवू?" मग म्हणाले, "आणि मी बघितलंय मा ता सगळा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मला त्यांचा असा राग आला की सांगता येत नाही. चार फोटो! कान गेले तेव्हा गार चहा घेऊन बसलेला माणूस मी बघितला होता. पुन्हा खाली उतरता येणार नव्हतं, आणि उतरले असते तरी तो खडक तसा राहिला नव्हता, त्यांनीच मला दाखवलं होतं. मी काकांना म्हटलं, "ह्येंचा ऐकू नका." काकांनी मान हलवली. ज्याचं जायचं तोच नको म्हणतो, तिथे गावाने काय करायचं.

दुपार भरत आली. काका खाडीच्या काठावर गावाकडे तोंड करून उभे राहिले, नारळ हातात घेतला, आणि मागे सगळी वस्ती. मी आजवर लग्नाची, नव्या होडीची, आजाऱ्याची गाऱ्हाणी ऐकली होती. हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकरांनी तुझो गाव तुझ्या हवाली केलो आसा, आणि सगळी वेशीभायर रव्हली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"थंय शाळेच्या मागच्या खोलयेत एक कपाट आसा. त्येच्यात आमच्या सरांचो समुद्र आसा. त्येच्यार वायट-वाकडो हात पडणारो आसात, तर तो हात थंयच्या थंय थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या शेजारी डॉक्टरीणबाई शुद्ध मराठीत "होय महाराज" म्हणत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सरही हात जोडून सगळ्यांबरोबर म्हणत होते, लहानपणापासून म्हणत आले तसेच. मी म्हटलं नाही. यंत्र गाऱ्हाणं ऐकत नाही हे त्या गर्दीत मला एकटीलाच पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचा मला तिटकारा आला होता.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. सगळे सरांशी जास्तच प्रेमाने वागत होते, सुतकात वागतात तसे. सासूबाईंनी त्यांच्यासाठी तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं करून पाठवलं. सर भजनाला बसले, टाळ धरला. रोज संध्याकाळी ते वाळलेली पेटी हलवून बघायचे, आतली वाळू वाजायची, आणि ते पेटी खाली ठेवायचे.

चौथ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजला, आणि माणसं-गुरं गावात परतली. मी घरी न जाता थेट खोलीकडे पळाले. सासूबाई ओरडत होत्या की आधी उंबऱ्यावर पाणी घाल. मी फडकं ओढून काढलं.

तोंडावर पिवळा दिवा जळत होता. हात कप्प्यांच्या मध्यावर थांबलेला. पडद्यावर दवाखान्याचं काम दुसऱ्या दिवसाच्या दुपारपासून रांगेत उभं होतं, ते सुरूच झालं नव्हतं. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं की तोंड आधीच धरलेलं आहे, आणि पुढे सरांच्या कॉम्प्युटरचं नाव. मी सरांच्या टेपा एकेक बघितल्या. सगळ्या आपापल्या जागी, एकीलाही धक्का लागलेला नव्हता. आधी मी त्या सगळ्यांना कायमचं कुलूप घातलं, म्हणजे यापुढे कुठलीच मुदत त्यांना लागू नये. मग मी तिथेच फरशीवर बसले.

काका आजही सांगतात, देवाने हात थंयच्या थंय धरला. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पुढच्या खेपेला वेशीवर नारळ मीच नेणार आहे.

दारात सर आले. पेटी बगलेत, केस वाऱ्याने विसकटलेले, काय ऐकावं लागणार याची तयारी करून आलेला चेहरा. माझ्या डोक्यावरून त्यांनी पडद्याकडे बघितलं. तिथे आपलं नाव दिसताच ते ओशाळले, अगदी तसेच, जसे दर वेळी ओशाळायचे.

"सॉरी गो," ते म्हणाले. "सोडूक इसारलंय."

मी फरशीवरून उठलेच नाही. त्यांना वाटलं मी रागावले. "तू नको सांगितलेलंस तरी म्हटलंय, जायच्या आधी एक नवी प्रत काढूया. ती अर्धी होयसर ढोल वाजलो, आणि मी तसोच प्लग काढून पेटी घेवन पळालंय. आता बांगडे पण हाडूक नाय."

मला हसू आणि रडू एकदम आलं. "सर," मी म्हटलं, "तुमी सोडूक नाय म्हणान सगळा जाग्यार आसा. तुमचो समुद्र आसा."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, कपाटाशी गेले आणि त्या पिवळ्या दिव्याजवळ बोट नेऊन उभे राहिले. बाहेर गुरं हंबरत होती, कुणाच्या तरी चुलीचा पहिला धूर खिडकीतून आत येत होता. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, पण आपल्या पाळीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

"मगे," सरांनी हळूच विचारलं, "आता सोडूया काय?"

"वायच रव्हांदे," मी म्हटलं.